पुराणिक काकांची चेष्टा

थांबा, मला हे आत्ताच लिहायचंय. उद्यावर टाकलं तर माझ्याने होणार नाही, मला माहितीये ना मी कशी आहे ते. टायपिंगच्या चुका होतील, होऊ देत. शब्दांच्या चुका मात्र व्हायला नकोत, म्हणून आईला शेजारी बसवलंय. ती मटार सोलतेय आणि मध्येमध्ये मान वर करून स्क्रीन बघतेय.

सकाळी इंदूरहून काकूंचा फोन आला. पुराणिक काका गेले.

तुम्ही मराठी ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी असाल तर "शनिवारचं वाचन" कधी ना कधी तुमच्या समोर आलंच असेल. दर शनिवारी पाच पोस्टची यादी, प्रत्येकीखाली एकच ओळ, बस्स. अकरा वर्षं ती यादी झाशीच्या प्रेम नगरमधून निघत होती आणि काढणारे होते आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे पुराणिक काका. गेल्या वर्षी ती यादी बंद पडली. का बंद पडली ते तुमच्यातल्या काहींना अर्धवट माहीत आहे. आणि परभणीच्या एका मुलीला तर पूर्ण उलटं माहीत आहे. तिला खरं काय ते सांगायचं राहिलं. काकांना तेवढं एकच हवं होतं आणि ते झालं नाही. म्हणून ही घाई.

आधी काका कोण होते ते सांगते.

आमचे बाबा अमरावतीचे, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आम्ही प्रेम नगरमध्ये राहायला आलो तेव्हा तिसऱ्याच दिवशी गच्चीच्या कठड्यावरून एक टक्कल वर आलं आणि म्हणालं, "बेटा, तुझ्या फोनमध्ये 'ळ' आहे का?"

मला वाटलं काहीतरी औषध विचारतायत.

झालं असं होतं की त्यांच्या कॉम्प्युटरवर ऑफिसातलं जुनं हिंदी टायपिंग होतं आणि त्यात त्यांना 'ळ' सापडत नव्हता. ते वर्षभर 'ल' लिहून भागवत होते. टाली, केली, फली. कोणीतरी खाली लिहिलं, आजोबा तुमचे दात पडलेत का. काका मला सांगून स्वतःच हसले. मग मी त्यांना मराठी कीबोर्ड टाकून दिला. त्यांनी पहिला शब्द टाइप केला 'कळकळ'. मग 'तळमळ'. मग 'ळळळळळ' अशी अख्खी ओळ. सत्तरीचा माणूस!

त्यांचं घराणं इथे पाच-सहा पिढ्यांपासूनचं, पूर्वी पुराण सांगणारं. काका स्वतः सिविल लाइंसमधल्या एका केंद्र सरकारी ऑफिसात हिंदी अधिकारी होते. म्हणजे इंग्रजी पत्र आलं की त्याचं हिंदी करायचं, तीस-बत्तीस वर्षं हेच. त्यामुळे त्यांची मराठी अर्धी पेशव्यांच्या वेळची आणि अर्धी ऑफिसातल्या फायलीतली. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तर म्हणाले, "काकू मुदपाकखान्यात आहे." मी बाहेरच थांबले. म्हटलं कुठे गावाला गेल्या असतील. आतून काकू ओरडल्या, "अगं स्वयंपाकघरात आहे मी, ये!"

काकू सांगलीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारणीने विचारलं, बच्चों की शिक्षा कहाँ होगी, तर काकू घाबरल्या की मुलं झालीही नाहीत आणि ही बाई शिक्षा द्यायला निघाली. हा किस्सा काका दर पाहुण्याला सांगायचे. काकू दर वेळी म्हणायच्या, "हो, आणि तुम्ही मला 'जरा चेहरा धुऊन खाली जागेवर बसा' म्हणालात तर मी जमिनीवर बसले ते नाही सांगत." त्यांना म्हणायचं होतं रिकाम्या खुर्चीवर. हिंदीतलं खाली.

काकांची कामाची पद्धत मात्र ऑफिसासारखी. सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर. त्याच्यावर काकूंनी विणलेला रुमाल असायचा, तो घडी करून बाजूला. मग वाचायचे, हलक्या आवाजात, ओठ हलवत. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला ऐकू यायचं. जे आवडेल त्यातली दोन-तीन वाक्यं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे शाईच्या पेनाने उतरवायचे. गुरुवारपर्यंत ओळ तयार. पण ती लगेच टाकायची नाही. "मुरू दे," म्हणायचे. शनिवारी परत वाचायची, एक शब्द काढायचा, मग टाकायची.

'अप्रतिम' या शब्दावर बंदी. "अप्रतिम म्हणजे न वाचता दिलेली पोच," असं म्हणायचे. त्यांच्या ओळी कशा असायच्या बघा. एका बाईंनी गळक्या नळावर लिहिलं होतं, त्याखाली: "नळ तीन ओळींत संपतो, नंतर नवरा सुरू होतो." एका गृहस्थांनी गावच्या आठवणी लिहिल्या, त्याखाली: "यांना गावाची आठवण येते असं ते म्हणतात. मला वाटतं सायकलीची येते." त्या गृहस्थांनी उत्तर दिलं होतं की मी रडलो साहेब, सायकलच होती.

आणि एक नियम पक्का. कोणी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असेल आणि काकांच्या नजरेला पडलं, तर ते यादीत येणारच. कसंही असो. "पहिल्यांदा दार उघडून उभं राहिलेल्या माणसाला कोणी नमस्कारही नाही केला, तर तो परत दार कशाला उघडेल?"

महाराष्ट्रात ते आयुष्यात तीन-चारदा गेले असतील, तेही लग्नाला नाहीतर तेराव्याला. पण बोलायचे असं की जसं सगळा महाराष्ट्र मागच्या गल्लीत राहतो. "साताऱ्याच्या त्या मास्तरचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं." "चिपळूणच्या बाईंची मांजर गाभण आहे." ही मांजर इतकी गाजली की भाजीवाला ठेला थांबवून विचारायचा, "काए पुरानिक जी, बिल्ली के बच्चा भए के नईं?"

"भए! चार भए!" काका गॅलरीतून ओरडायचे.

काकू आतून: "सख्ख्या साडूला फोन करायला वेळ नाही. चिपळूणच्या मांजरीचं बारसं करा."

काकू तो ब्लॉग वाचायच्या नाहीत. कधीच नाही. "मी कशाला वाचू? दिवसभर ऐकते ना." हे लक्षात ठेवा.

शुक्रवार हा बंद पडलेल्या ब्लॉगांचा. सगळे लोक हळूहळू लिहायचे थांबले, रील बघायला लागले, ग्रुपमध्ये सुविचार टाकायला लागले, तुम्हाला माहितीच आहे. काका मात्र त्या सगळ्यांचे पत्ते एका वहीत लिहून दर शुक्रवारी एकेक उघडून बघायचे. याला ते "दार वाजवून येणं" म्हणायचे. संध्याकाळी मी विचारायची, काका, कोणी होतं? "नाही बेटा. कुलूप." तरी प्रत्येकाच्या शेवटच्या पोस्टखाली काहीतरी लिहून यायचे. कसे आहात. आंब्याचं झाड कसं आहे.

एका शुक्रवारी नाशिकच्या एकाने तीन वर्षांनी उत्तर दिलं, "काका, आहे मी." एवढंच. काकांनी गल्लीत पेढे वाटले! भाजीवाल्याने पेढा तोंडात टाकून विचारलं, "नाती भओ का?" नातू झाला का, असं. काका म्हणाले, "नहीं भैया, नासिक वाला लौट आया।" त्याने मान हलवली, बहुतेक मुलगा समजला असेल.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की एक माणूस लिहिता राहणं म्हणजे काकांसाठी काय होतं ते कळावं. आता पुढचं.

गेल्या वर्षी मे महिन्यातला शनिवार. लू, म्हणजे इकडचा भाजून काढणारा वारा, चालू होती, दुपारी बाराला गल्लीत कुत्रंही नव्हतं. आणि काका आमच्या फाटकावर, डोक्याला पंचा गुंडाळून. "निधी, बेटा, बाहेर ये. मी काय वाचलं सांगू तुला."

परभणीच्या एका मुलीने ब्लॉग सुरू केला होता. नाव नाही, फक्त "परभणीची एक". पहिलीच पोस्ट, शीर्षक "तास". तिचे वडील शाळेत शिपाई, आयुष्यभर घंटा दिली. शेवटच्या आजारपणात घरी खाटेवर होते, बोलणं बंद झालेलं, पण दर तासाला चमच्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर टोले द्यायचे. घड्याळ न बघता, बरोबर. आणि एक दिवस पावणेबारालाच त्यांनी लांबलचक घंटा दिली. तिची आई आतून म्हणाली, "शाळा सुटली वाटतं." ती बाहेर येऊन बघते तर सुटली होती.

काकांना सांगताना हुंदका आला. ते तिथे फाटकाला धरून उभे राहिले. पाणी दिलं तर म्हणाले, "तीनदा वाचलं. हिने परत लिहायला पाहिजे. हिने लिहीतच राहायला पाहिजे."

आणि त्या दिवशी त्यांनी ओळ मुरू दिली नाही. घरी गेले, तासाभरात लिहिली, मला फोनवर पाठवली. "बघ, ठीक आहे?"

ओळ अशी होती: "वडिलांच्या जाण्याला शब्द देण्याची एक प्रामाणिक चेष्टा."

मी वाचली. मी लिहिलं, "एकदम सही काका."

आत्ता तुम्ही सगळ्यांनी, पुण्याच्या, साताऱ्याच्या, लातूरच्या, डोक्याला हात लावला असेल. पण मी झाशीत वाढले हो. शाळेत हिंदीच्या बाई म्हणायच्या, चेष्टा करो, सफलता मिलेगी. चेष्टा म्हणजे प्रयत्न, कोशिश. आणि काकांनी तर तीस वर्षं हेच लिहिलं होतं, "समय पर उत्तर भेजने की चेष्टा करें". तो माणूस त्या दिवशी इतका हलला होता की मनातलं सगळ्यात खरं ते लिहायला गेला आणि हात जाऊन पडला ऑफिसच्या फायलीत.

रविवारी सकाळी काकू आमच्या दारात. "निधी, जरा ये गं. हे बोलतच नाहीयेत."

काका स्क्रीनसमोर बसलेले, बनियनवर. मी त्यांना तिथे शर्टाशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"बेटा, चेष्टा म्हणजे काय?"

"कोशिश," मी म्हटलं.

"मराठीत."

मला मराठीतही तेच वाटत होतं. मागून काकू म्हणाल्या, "चेष्टा म्हणजे थट्टा. टिंगल. का, कोणी केली तुमची?"

काकांनी खुर्ची बाजूला सरकवली. काकू वाकल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी "शनिवारचं वाचन" वाचलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "अहो, हे काय लिहिलंत."

खाली त्या मुलीने लिहिलं होतं: "माझे वडील जाऊन सतरा दिवस झाले. तुम्हाला ही चेष्टा वाटली. यापुढे मी काही लिहिणार नाही." बाकी लोकांनी तर काय काय लिहिलं होतं, मी नाही सांगत. काकांनी तिचा ब्लॉग उघडला. पान कोरं. हा ब्लॉग काढून टाकला आहे, एवढी एक ओळ.

काकांनी तो पत्ता परत टाकून बघितला. परत. परत. काकूंनी शेवटी त्यांचा हात धरून कीबोर्डवरून उचलला.

माफी लिहायला त्यांना चार दिवस लागले. चार ओळींची माफी! प्रत्येक शब्द काकूंना विचारून. "क्षमा चालेल ना? खेद? खेद म्हणजे मराठीत खेदच ना?" काकू हो म्हणायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मी एकदा नजर टाकली असती तर एका सेकंदात सांगितलं असतं गं. एका सेकंदात." मला तर दाखवलंच होतं.

माफी वाचून बऱ्याच लोकांना कळलं. चिपळूणच्या बाईंनी खूप शोधलं, परभणीत ओळखीच्यांना फोन केले, शाळांमध्ये विचारलं. नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही, कुठे शोधणार? ती मुलगी परत कुठेच दिसली नाही. आणि माफीच्या खाली एकाने लिहिलं होतं, "मराठी येत नसेल तर हिंदीत लिहा ना काका." बस, एवढंच. शिवी नव्हती, हसरा चेहरा पण टाकला होता पुढे. पण काकांना सगळ्यात ते लागलं.

यादी बंद झाली. ते ठीक आहे, यादी काय, बंद होते. पण काकांचं बोलणं बंद व्हायला लागलं ते फार वाईट होतं. म्हणजे भाजीवाल्याशी बोलायचे, दूधवाल्याशी बोलायचे, चांगले खळखळून. मराठी आली की अडकायचे. वाक्याच्या मध्येच थांबून काकूंकडे बघायचे. "आज हवा... हवा म्हणू ना?" "म्हणा हो, हवाच आहे ती." मुदपाकखाना गेला, सगळं गेलं. दोन-तीन सोपे शब्द ठेवले त्यांनी, चहा, पाणी, बरं. पाच-सहा पिढ्या घरात बोलली गेलेली भाषा, आणि तिच्यात पाऊल टाकायला ते घाबरायला लागले, जसं ओल्या फरशीवर म्हातारी माणसं घाबरतात. मी उगाच जास्त बडबड करायची. ते ऐकायचे, हसायचे, मान हलवायचे.

शनिवारी मात्र दहा वाजता शर्ट घालून बसायचे आणि फक्त तो एक पत्ता उघडायचे.

डिसेंबरमध्ये ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड. इंदूरहून मुलगा आला आणि म्हणाला आता इथे दोघांनी राहणं शक्य नाही. बरोबरच होतं त्याचं.

आज फोनवर काकू म्हणाल्या, "निधी, ह्यांच्या उशाखाली नऊ कागद निघाले. कॅलेंडरची पानं. मला वाटलं नेहमीसारखी दोन-चार वाक्यं असतील. नाही गं. त्या मुलीचं सगळंच्या सगळं उतरवलंय. त्याच शनिवारी, तारीख आहे, सकाळची वेळ पण आहे. ओळ लिहायच्या आधी." मग म्हणाल्या, "तिच्याकडे आहे की नाही कोणास ठाऊक. तिने कुठे वेगळं लिहून ठेवलं नसेल तर हे एवढंच आहे. कसं द्यायचं तिला?"

मला नाही माहीत कसं द्यायचं. मला एवढंच सुचलं की लिहायचं. परभणीची एक, तू हे वाचत असशील तर, तुझ्या वडिलांचे सगळे टोले काकूंकडे नीट आहेत, शाईच्या पेनाने, एकही शब्द गाळलेला नाही. त्या माणसाला म्हणायचं होतं 'प्रयत्न'. खरं तर त्याला ओळ लिहायचीच नव्हती, नुसतं रडायचं होतं. आणि ज्या मुलीने ती ओळ आधी वाचून 'एकदम सही' म्हटलं, ती मी. राग असेल तर माझ्यावर पण काढ.

ते इंदूरला निघाले ती सकाळ सांगते आणि थांबते. जानेवारी, धुकं इतकं की छावणीकडचा रस्ता दिसत नव्हता. गाडी फाटकाशी लावलेली. काकांना मुलाने आणि बाबांनी उचलून मागच्या सीटवर बसवलं, पायावर रजई घातली. काकू आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी खिडकीशी गेले. काचेवर वाफ होती, ती त्यांनी आतून हाताने पुसली आणि काच खाली केली.

त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं. ओठ हलले, वाचताना हलायचे तसे. मी वाट बघत होते. ते शब्द शोधत होते, एक घेतला असेल, टाकला असेल, दुसरा घेतला असेल. शेवटी त्यांनी काकूंकडे बघितलं, पण काकूंची पाठ होती.

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चलते हैं, बेटा। खुश रहना।"

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी कधी हिंदीत बोलले नव्हते. एकदाही नाही.

मी पण म्हटलं, "जी।" आणि गाडी गेली.

आई वाचून म्हणतेय सगळे शब्द बरोबर आहेत. तुम्हीच सांगा आता. तुमच्या तोंडून कधी असा शब्द गेलाय का, जो तुमच्याकडून प्रेमाने निघाला आणि समोरच्याच्या घरी पोचेपर्यंत वेगळाच झाला? आणि मग तुम्हाला सांगता आलं का त्यांना? ते सापडले का?